ब्रेकमधली हवा

कल्पना करा, बाळांनो, तुम्ही गॅरेजमधल्या गाडीत बसला आहात आणि तुमचा पाय ब्रेकवर आहे. मेकॅनिक मावशीची भाची तशीच बसली होती. मावशी गाडीखालून "दाब" म्हणायची, एकेका चाकाच्या ब्रेकच्या नळीतली हवा तेलाबरोबर बाहेर काढायची. "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत शिरते. शेवटच्या चाकाला भाचीचा पाय सटकला. भीतीने तिने पाय पटकन परत ठेवला आणि मावशीला कळू दिलं नाही. हात धुता धुता मावशीने विचारलं, "कडक लागतोय ना गं ब्रेक?" भाचीने दाबून पाहिला. तो चिखलात पाय रुतावा तसा खाली गेला. शाळेची मुलं आणायला ड्रायव्हरकाका दारात उभे होते, रस्ता सगळा उताराचा. "मग उतरा महाराणी, काका खोळंबलेत," मावशी म्हणाली. भाचीने दार आतून लावलं. "मावशी, माझा पाय सटकला होता. परत गाडीखाली जा."