घुमणारी पेटी

"अजून घुमतेय!" ताई वायरलेसवर जवळजवळ ओरडलीच. "दोनदा पेटी बदललीस, तरी पहिले पाढे पंचावन्न. नुसत्या पाट्या टाकतोस!"

"तिसरी घेऊन निघालोय ना आता?" इंजिनाच्या घरघरीतून धाकट्याचा आवाज आला. "तू हीटरला पाय लावून बस आणि ओरड. तेवढं छान जमतं तुला."

तिने माइक आपटला. सख्ख्या भावाला हाताखाली घेऊ नकोस, असं आई बजावत होती ते उगीच नव्हतं.

ध्रुवाजवळच्या त्या किनाऱ्यावर दोघांचं काम तसं सरळ होतं. माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, इतका खालचा आवाज टिपायचा. हिमनदीचा कडा समुद्रात कोसळला की असा आवाज दूरवर जातो. त्यांचं ठाणं एका खाडीच्या काठावर होतं; पलीकडच्या काठावर चार यंत्रं पुरलेली होती, चार कानच म्हणा ना. चौघांच्या तारा एका पेटीत येत आणि पेटी सगळं ताईच्या पडद्यावर पाठवी. उन्हाळ्यात लाटाच इतक्या घुमत की बाकी काही कळत नसे. हिवाळ्यात समुद्र गोठला की उकळत्या भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं सगळं शांत व्हायचं. मग कुठे कडा पडला, कधी पडला, ते खुर्चीत बसून कळायचं.

यंदा हिवाळा निम्मा सरला तरी पेटी गप्प बसेना. पडद्यावर एकसारखी घूंऽ घूंऽ. मुख्य कार्यालयातले साहेब रोज फोन करून एकच विचारत, "झाली का दुरुस्त?" तिच्या नाकी नऊ आले होते. साहेबांना जे ऐकवता येत नव्हतं ते ती धाकट्याला ऐकवायची. धाकटा ते ड्रायव्हरला ऐकवायचा. ड्रायव्हर बिचारा कोणाला ऐकवणार? तो गाडीला लाथ मारायचा.

मागच्या दोन्ही वेळा बर्फ नवा होता म्हणून धाकटा आणि ड्रायव्हर खाडीला वळसा घालून, डोंगराच्या कडेकडेने गेले होते. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. या वेळी तिचा धीर सुटला. "दर हिवाळ्यात सगळे खाडीवरूनच जातात. सरळ जा आणि एकदाचं संपव," असं तिनेच सांगितलं होतं. काठावर ड्रायव्हरने भोक पाडून पाहिलं, तर बर्फ चांगला हातभर जाड. मग चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारी ती जड गाडी खाडीच्या बर्फावर उतरली.

वायरलेस पुन्हा खरखरला. "ताई, पेटी बदलतो. पण चारपैकी बिघडलंय कुठलं यंत्र, तेही आत्ताच शोधून ठेव. चौथी खेप मी मारणार नाही. सांगून ठेवतो."

"दाखवतेच तुला," ती म्हणाली.

तिने चारही यंत्रांच्या रेघा पडद्यावर एकीखाली एक लावल्या. आजवर हे करायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. कचरा कोण निरखून बघतो? एक यंत्र बिघडलेलं असेल, तर ते एकटंच घुमायला हवं. पेटी बिघडलेली असेल, तर चारही एकाच क्षणी घुमायला हवीत. पण तसंही नव्हतं. आधी पहिली रेघ उचलायची, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. दर वेळी त्याच क्रमाने. शेतातून वारा जावा आणि पिकाची एकेक ओळ वाकत जावी, तसं काहीतरी एका बाजूने येऊन चारही यंत्रांवरून निघून जात होतं.

तिने दिशा काढली. पहिलं यंत्र खाडीच्या तोंडाकडचं होतं. आवाज बाहेरच्या समुद्राकडून येत होता.

तिने माइक उचलला.

"थांब! गाडी थांबव!"

"आता काय झालं?"

"थांबव म्हणते ना!"

"अगं, निम्मी खाडी ओलांडली. तुझं नक्की काय चाललंय? सकाळी म्हणालीस सरळ जा, आता म्हणतेस..."

"इंजिन बंद कर. वाद घालू नकोस. पाया पडते तुझ्या."

आजवर ती त्याच्या पाया पडली नव्हती. घरघर थांबली. मग धाकट्याचा आवाज आला, अगदी हलका.

"ताई, गाडी बंद आहे. तरी वर-खाली होतेय."

तिने डोळे मिटले आणि उघडले. "गाडी तिथेच सोडा. एकमेकांपासून लांब राहा. पट्ट्यांच्या खुणा धरून चालत मागे या. पळू नका."

"निघालो," तो म्हणाला.

ती ठाण्यासमोरच्या काठावर जाऊन उभी राहिली. भरदुपारीही संध्याकाळसारखा उजेड होता. त्यात दोन ठिपके दिसले, मग दोन माणसं झाली. त्यांच्या मागे, बर्फावर, एक काळी रेघ उमटली आणि रुंदावत गेली. गाडी आधी कलली. मग दिसेनाशी झाली.

ड्रायव्हर काठावर येताच गुडघ्यांवर बसला. धाकटा मात्र तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो अजून चिडलेलाच होता.

"गेली तुझी तिसरी पेटी. गाडीही गेली. आता तरी सांगशील, बिघडलं काय होतं ते?"

तिने त्याची बाही घट्ट धरली.

"काहीच नाही रे," ती म्हणाली. "बाहेरचा समुद्र यंदा गोठलाच नाही, त्याच्याच लाटा घुमत होत्या. आपण तो दुरुस्त करायला निघालो होतो."