रबरी कडं

स्फाक्स शहरातल्या प्रयोगशाळेत इब्तिसामने पिंजरा उघडला आणि आतला उंदीर तळहातावर घेतला. उंदीर लवकर बरे होतात. माणसाच्या पायावरच्या, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांवर औषध शोधायचं म्हणून इथे उंदरांना जखम करून तिच्याभोवती रबरी कडं शिवत आणि ती उघडी ठेवत. या पठ्ठ्याने कडंच कुरतडलं होतं. जखम छान भरली होती. “बरा झालेला उंदीर काय कामाचा?” सी लसाद, तिचे साहेब, दारातूनच म्हणाले. “पुन्हा काप, नाहीतर संपव.” तेवढ्यात आईचा फोन आला. पाय चिघळल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. “पोरी, भरली का गं कुणाची जखम? की तुझे उंदीरही माझ्यासारखेच हट्टी?” उंदीर इब्तिसामच्या तळहातावर निवांत मिशा पुसत होता. “भरली, उम्मी, एकाची.” “हमदुल्ला! मग सोडून द्या त्या बिचाऱ्याला.” “हो,” म्हणत तिने नवं कडं जवळ ओढलं.