राणीच्या बागेच्या दारात

"मुंबैला जातंयस ना गो हौसा, मंग एवढं घेऊन जा," म्हणत शेजारची गंगा आली आणि तिने सुक्या बांगड्यांची पिशवी ओट्यावर ठेवली. "आमच्या सुजयला द्यायची. नालासोपाऱ्याला. स्टेशनापासनं रिक्षा मिळते."

ओट्यावर आधीच तीन पिशव्या होत्या आणि एक फणस. एक पिशवी भांडुपची, एक कळव्याची, एक पनवेलची. फणस डोंबिवलीचा.

हौसा आणि तिची धाकटी बहीण भाविका शुक्रवारी रात्री निघणार होत्या, रविवारी रात्री परत. मासेमारीची बंदी लागली होती, होड्या वर ओढल्या होत्या, हौसाची मासळीची पाटी न्हाणीत उपडी पडली होती, तेव्हा कुठे हे दोन दिवस हाताला लागले होते. ती मुंबईला कधी गेलीच नव्हती असं नाही. सुनेच्या बाळंतपणाला गेली, नणंदेच्या ऑपरेशनला गेली, आणि दोन्ही वेळा इस्पितळाचे जिने तेवढे बघून आली. या खेपेला कुणाचं काही दुखत नव्हतं. या खेपेला तिला राणीच्या बागेतला पेंग्विन बघायचा होता. पक्षी असून उडत नाही, पोहतो, आणि आयती मासळी खातो. जन्मभर मासे विकलेल्या बाईने असलं फुकटं गिऱ्हाईक एकदा तरी डोळ्यांनी बघायला नको?

पायरीवर बसून जाळं सांधत असलेला तिचा नवरा बाबल्या गालात हसला. "झाला तुजा पेंग्विन. आता नालासोपारा बघ."

हौसाला असा राग आला की विचारू नका. पण तो करणार कुणावर? मांडवीच्या वाडीत मुंबईला निघालेल्या माणसाने पिशवी नाकारायची नसते. तिच्या मुंबईतल्या लेकासाठी कुळीथ, आमसुलं, सुकट याच बायकांनी वर्षानुवर्षं वाहून नेली होती, फलाटावर गर्दीत उभं राहून. नाही म्हणणार कुठल्या तोंडाने? आणि हो म्हणावं तर दोन्ही दिवस दारोदार फिरण्यात जाणार. तिने पिशव्यांकडे पाहिलं. तिला चक्क रडू यायला लागलं.

तेवढ्यात काठी टेकत काशीआत्या आली. पलीकडच्या घरात एकटी राहणारी म्हातारी. तिची पिशवी लहानशी होती, आत सोललेल्या सुक्या कोळंबीचे सोडे. "सदूला दे," ती म्हणाली. "गोरेगावला. त्याला सुट्टी मिळत नाय ना." तिचा लेक सदू तीन वर्षं गणपतीला आला नव्हता, आणि सुट्टीचं हे वाक्य साऱ्या वाडीला पाठ होतं.

हौसाने ती पिशवी फणसाशेजारी ठेवली. मग पदराने नाक पुसलं आणि मोबाईल उचलला.

"गंगावयनी, सुजयचा नंबर सांग."

गंगाने सांगितला.

"सुजय, हौसाकाकी बोलतंय. तुजे बांगडे घेऊन येतंय. रविवारी सकाळी भायखळ्याला राणीच्या बागेच्या दारात ये नि घेऊन जा." पलीकडून काहीतरी कुरकुर झाली. "लांब पडतं? अरे, बांगडे मांडवीसनं येतायत, नि तुला नालासोपाऱ्यासनं येववत नाय?"

गंगा बघतच राहिली. पोरगं तिचं, तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं. पण ती पदरात तोंड घालून हसायला लागली.

भांडुप कबूल झालं. कळवा दोन मिनिटं अडून बसलं, मग तेही कबूल झालं. डोंबिवलीचा ऋत्विक म्हणाला, फणस जड पडेल. हौसा म्हणाली, "तिथवर मी आणतंय ना? पुढं तुजा तू बघ." पनवेलला फोन लागेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. "काकी, सुजयदादाचा मेसेज आला. आमी सगळेच येतो, पोराबाळांना घेऊन. जेवणाचा डबा आमी आणतो, तू काय करू नको."

बाबल्याच्या हातातली सुई थांबली. "नि मी गो?"

"तुमी घरी ऱ्हावा. अजून कोण पिशवी घेऊन आला तर पत्ता सांगायला माणूस नको?"

शेवटचा फोन सदूला. हौसाने तो मुद्दाम स्पीकरवर टाकला. काशीआत्या समुद्राकडे तोंड करून बसली होती, जसं काही तिला ऐकायचंच नव्हतं.

"येतो की काकी," सदूचा आवाज आला. "रविवारी मोकळाच असतो मी. आमच्या पोरांनी पन पेंग्विन बघितला नाय अजून."

फोन बंद झाला. काशीआत्या काठीवर जोर देऊन उठली, ओट्यापाशी आली आणि आपली सोड्यांची पिशवी तिने उचलून घेतली.

हौसाने मोबाईल खाली ठेवला. "आत्ये, रागावलीस काय गो?"

"रागवू कशाला?" म्हातारीने पिशवी काखेत घट्ट धरली. "दरवर्षी माजी पिशवी जाते मुंबैला. अवंदा मी जातंय. रेल्वेचं तिकीट नाय मिळालं तर यष्टीनं येईन, पन रविवारी तितं पोचतंय."

हौसाने तिचा हात धरला. धरून ठेवला. मग दोघी हसल्या, आणि गंगाने डोळे पुसले.

काशीआत्या कुंपणाच्या बेड्यापर्यंत गेली आणि मागे वळली.

"सदूला सांगू नको हां गो," ती म्हणाली. "त्याला वाटू दे, सोडेच येतायत."