चार वाजताची ऋतिका

अकरा वाजता ऋतिका म्हशीच्या कपाळावरून हात फिरवते.

बारा वाजता ओढ्यात पाय सोडून बसते.

एक वाजता भाकरी मोडते. ठेचा तिखट लागतो, तरी हसते.

दोन वाजता चटईवर आडवी. डोळे मिटलेले, पण पापण्या हलतात.

तीन वाजता पडवीत सागरगोटे खेळते.

चार वाजता दमलेली. केस सुटलेले, गालाला माती.

"बास," बाबा म्हणाला. "चारचा झाला."

सकाळचे साडेनऊ वाजले होते.

आई-बाबा वेगळे झाल्यापासून महिन्यातला एक रविवार बाबाचा. आईच्या अटी दोन. अकरा ते चार दर तासाला एक व्हिडिओ, आणि सहाच्या आत दहिवलीला घरी. मागे एकदा रेंज गेली, व्हिडिओ वीस मिनिटं उशिरा पोचला, आणि पुढचा रविवार रद्द झाला. आज पुन्हा चुकलं तर बाबा कधी भेटणार, हे ऋतिकानं कुणाला विचारलं नव्हतं.

शिवाय ते रविवारही कसले. बाबा तिला फोनमधून बघायचा आणि ती फोनकडे बघून हसायची.

म्हणून आजची युक्ती बाबाची. सगळं सकाळीच काढून ठेवायचं. मग दिवस आपला.

खालापूरच्या डोंगराकडेला बायजामावशीचं घर होतं. सुट्टीला येणाऱ्यांना ती जेवण करून घालायची. सावलीवरून वेळ कळू नये म्हणून बाबानं सगळं झाडांच्या सावलीत नाहीतर पडवीत काढलं.

फोन वाजला. आईचा व्हिडिओ कॉल.

बाबानं ऋतिकाकडे बघितलं. गालावर चार वाजताची माती तशीच होती. कॉल घेतला नसता तरी पंचाईत होती. त्यानं घेतला.

"काय गं, इतक्यात एवढी मळलीस?"

"पडले."

"लागलं?"

"नाही."

"बाबा कुठंय?"

फोन फिरला. "बोल, निवेदिता."

"सहा म्हणजे सहा, धनेश."

"हो."

"आणि सारखं तिला उभं करून शूटिंग नको करूस. खेळू दे तिला."

"मग तासातासाचं बंद करू?"

"नाही. ते पाठव."

कॉल संपला. बाबानं श्वास सोडला.

"बाबा," ऋतिका म्हणाली, "माती आता दिसली तिला. चारचा परत काढावा लागेल."

ओल्या रुमालानं बाबानं तिचा गाल पुसला. हळूहळू, सगळी माती निघाल्यावरही.

दुसऱ्यांदा ती जास्त चांगली दमली.

बाबानं फोन बायजामावशीच्या हातात दिला. "दर तासाला एक पाठव, मावशी. ओळीनं लावून ठेवलेत. जमेल?"

"न जमायला काय झालं? माझा गजा सुरतेला हाय. त्याला रोज रात्रीचं जेवान फोटोत धाडते."

"तिच्या आईचा फोन आला तर?"

"पोर पान्यात हाय म्हनून सांगते." मावशीनं त्याला खालीवर बघितलं. "बायकोला फसवतोस व्हय रं?"

"एकच दिवस, मावशी."

"फोन कवा नेशील?"

"सांजच्याला."

मावशी ऋतिकाकडे वळली. "जा गं बाय. बापाला जरा पळव. लई सुकलाय."

गाडी बाबाच्या मित्राची होती. फोन नव्हता, म्हणून बाबाचा एक हात मोकळा होता, आणि तो ऋतिकाच्या डोक्यावर होता. तारेवर एक निळा पक्षी बसला होता. तो तिनं आधी बघितला, मग बाबानं. एरवी बाबा म्हणाला असता, थांब, हलू नकोस.

"कुठं जायचं?" ऋतिकानं विचारलं.

"घाटात. माकडं बघायला."

घाट चढताना कान दडपले. एका वळणावर कठड्यावर माकडीण बसली होती, पोटाशी पिल्लू घट्ट धरून. बाबानं गाडी बाजूला घेतली. ऋतिकानं सवयीनं केस मागे सारले, मान वाकडी केली, हसली. मग तिच्या लक्षात आलं की समोर कुणी फोन धरलेला नाही.

"नुसतं बघ," बाबा म्हणाला.

ती काचेला नाक लावून बघत राहिली. पिल्लानं तोंड बाहेर काढलं, परत लपवलं. पोटात गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. हे आईला घरी गेल्यावर सांगायचं, तोंडानं, तिनं ठरवलं. माकडं पाच वाजता परतताना दिसली असं सांगितलं तर युक्तीही फुटणार नव्हती.

ऋतिकाचा शाळा सोडल्याचा दाखला धनेशनं शुक्रवारीच काढून घेतला होता.