ठोंब्याचं चित्र

“आधी ह्याचा उजवा कान बघा,” काकू अस्वल टेबलावर ठेवत म्हणाल्या. “शेजारच्यांच्या कुत्र्याने ओढला. माझी लेक दोन दिवस जेवली नव्हती.”

चित्रकार बाईंनी अस्वल उचलून खिडकीशी नेलं. लोकांची लहानपणची खेळणी रंगवणं हाच त्यांचा धंदा. बाहुल्या, कापडी ससे, चाकं गेलेल्या मोटारी. समोर स्टुलावर खेळणं, शेजारी खुर्चीत त्याचं माणूस, आणि त्या माणसाचं ऐकत ऐकत चित्र. ‘झिजलं तिथे माया लागली’ असं त्या म्हणायच्या, की गिऱ्हाइकाचे डोळे भरून यायचे. निम्मं चित्र तिथेच विकलं जायचं.

अस्वलाचं नाव ठोंब्या. त्याला एक डोळा नव्हता. पोटावर इस्त्रीच्या टोकाचा करपलेला डाग होता.

“डोळा कुठे गेला?”

“तिनेच खाल्ला असेल. दात येताना काय सोडलं होतं तिने?” काकू हसल्या. “इस्त्री मात्र माझ्या हातची. तिने ह्याला आंघोळ घातली, मी सुकवायला गेले नि करपवून बसले. पण पोरीवर मी कधी हात उचलला नाही. कोणालाही विचारा.”

बाईंना काकू आवडल्या. त्यांचं मागणं साधं होतं. लेक लग्न होऊन गेली ती गेलीच. फोन नाही, येणं नाही. नातीला तर त्यांनी फोटोतच पाहिलेलं. चित्र बघून लेकीचं मन विरघळलं, तर नात सुट्टीला आजीकडे येईल.

“हल्ली मुलींना राग धरायला कारण लागत नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांनी जीव ओतून काम केलं. कानाची कड सरळ होती, कात्रीने कापावी तशी. कुत्र्याने ओढलेला कान असा दिसत नाही, हे बाईंच्या मनात आलं. मग त्यांनी कुंचल्याने कडेला चार दोरे लोंबते काढले. डागाची कडही जरा मऊ केली. खोटं असं काही नाही, गोष्टीला शोभेल इतकंच.

बाईंनी स्वतः फोन केला म्हणून लेक आली. चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली.

“कान असा होता?”

“असाच. कुत्र्याने ओढलेला. तुमच्या आईंना सगळं आठवतं हो. तुमचे दात येणंसुद्धा.”

“मला वेगळंच आठवत होतं,” लेक हळूच म्हणाली.

“लहानपणचं काय घेऊन बसलात? मूल घाबरतं एका गोष्टीला आणि लक्षात ठेवतं भलतंच. माया नसती, तर हे अस्वल केव्हाच केरात गेलं असतं. आईच ती शेवटी.”

लेक खुर्चीत बसून रडली. “इतकी वर्षं मी उगाच...” बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपल्या हातून एक घर जुळलं, ह्याचा त्यांना मनापासून आनंद झाला, आणि तो त्यांनी पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला.

सुट्टी लागली. एका सकाळी काकू नातीला घेऊन आल्या. पाचेक वर्षांची, घट्ट वेणी घातलेली, हाताची घडी घालून गप्प उभी. काकूंनी पिशवीतून कापडी हत्ती काढला. नवा कोरा. सोंड मुळापासून सफाईने कापलेली.

“अरेरे, ह्याला काय झालं गं?” बाईंनी नातीला विचारलं.

नात आजीकडे बघत म्हणाली, “मी दूध सांडलं.”

“मग आजी रागावली?”

“नाही. आजी कधीच मारत नाही. मला मांडीवर घेते, डोळे मिटू देत नाही, आणि मग कापते.”

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू नातीच्या केसांवरून मायेने हात फिरवत होत्या.

“लगेच रंगवायला घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “सुट्टी अजून बरीच उरली आहे.”