सरांचा ड्रायव्हर

"सरांचा ड्रायव्हर काढतोयस?" ताईनं चहाचा कप हेरंबच्या हाताशी ठेवत विचारलं.

"दोन्ही ठेवले की ब्रेलच्या पट्टीवरून भांडतात. कंपनीचा नवा आहे, सरांचा आता सांभाळणार कोण?" हेरंब म्हणाला. त्याला दिसत नसे. स्क्रीनवरचं अक्षर त्या पट्टीवर ठिपके होऊन वर यायचं आणि तो बोटानं वाचायचा. हे वाचन लहानपणी घैसास सरांनीच शिकवलं होतं, त्याच्या नखावर आपला अंगठा हळूच दाबून. पट्टीचा जुना ड्रायव्हर, म्हणजे ठिपके वर आणणारा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिलेला. सर गेल्या वर्षी गेले. जड मनानं त्यानं लिनक्सच्या कर्नलमधून, कॉम्प्युटर चालवणाऱ्या गाभ्यातून, त्यांचा ड्रायव्हर वगळला, नवा कर्नल बसवला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

पट्टीवर ठिपके उमटले, पण नवशिक्यासाठी यावेत तसे, सावकाश, एकेक अक्षर. 'घाई नको. बोट उचलू नकोस.' सर पहिल्या धड्याला हेच सांगायचे.

"ताई, स्क्रीनवर काय आलंय?"

"पट्टीसाठी ड्रायव्हरच नाही म्हणतंय. कंपनीचा निवडायला विसरलास वाटतं."

हेरंबनं बोट उचलू पाहिलं. नखावर अंगठा होता.