बिनचिठ्ठीचं वाण

तुळसाने शेजारच्या सरस्वतीकाकूंना हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण म्हणून लाल अर्काची बाटली पदरात घातली. फरशी पुसायची, बादलीभर पाण्याला एक झाकण, असं प्रत्येकीला सांगत होती तसंच त्यांनाही सांगितलं. बाटलीवर चिठ्ठी नव्हती, चित्र नव्हतं, काहीच नव्हतं.

तीच तर तिच्या नवऱ्याची करामत होती. मधु बरीच वर्षं मानपाड्याला फिनेलच्या एका कारखान्यात होता. चमचाभर माल, बाटलीभर पाणी, त्यावर खोका, मग ट्रक, आणि शेवटी सगळं गटारात. हे बघून बघून त्याचं डोकं फिरलं. नोकरी सोडून त्याने घरीच दाट अर्क बनवला. पाणी ज्याने त्याने आपल्या नळाचं घालावं. फिनेलचा वास बायकांना नको असतो म्हणून गुलाबाचा वास आणि लाल रंग घातला. बाटल्याही नव्या घेतल्या नाहीत. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या जुन्या आणून उकळून घेतल्या. तुळसाने चिठ्ठ्यांचं विचारलं तर म्हणाला, कागद कशाला फुकट घालवायचा, सांगायला तोंड आहे की आपल्याला. नवरा हुशार खरा, पण हुशारीला लगाम नको का, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

सरस्वतीकाकूंनी बाटली दिव्यासमोर धरली.

"अगं तुळसा, हे तर आपल्या डॉक्टरांचं खोकल्याचं औषध दिसतंय."

सगळ्याजणी हसल्या. खोटं नव्हतं ते. ठाण्यात अशी बाटली कुणाच्या घरी नव्हती? बाटली घरून न्यायची, कंपाउंडर लाल औषध भरून द्यायचा, आणि थंडी सरेपर्यंत घरातली सगळी पोरं तेच प्यायची.

तुळसाही हसली.  मग एकदम तिला मनुबाई आठवली.

मनुबाई चेंदणीची कोळीण. सकाळी मासे द्यायला दारात आली होती. संध्याकाळी या रेशमी घोळक्यात ती काही यायची नाही, म्हणून तुळसाने तिला तिथेच कुंकू लावलं आणि वाण दिलं. नातवाला खोकल्याने रात्रभर डोळा लागत नाही, असं मनुबाई सांगत होती. होईल गं बरा, म्हणत तुळसाने तिच्या हातात बाटली ठेवली. तेवढ्यात आत गुळाचा पाक करपल्याचा वास आला आणि ती चुलीकडे धावली. झाकणाचं, बादलीचं, फरशीचं सांगायचं राहूनच गेलं.

तुळसा कुंकवाचा करंडा तिथेच टाकून बाहेर आली. मधु जिन्यात बसला होता. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषमाणूस आत कसा येणार. तिने घाईघाईने सगळं सांगितलं आणि सायकल काढायला लावली. मग न राहवून विचारलं,

"अहो, पोटात गेलं तर काय होतं?"

 मधु सायकलची किल्ली शोधत राहिला.

एवढ्यात जिन्याखालून बांगड्या वाजल्या. मनुबाईच वर येत होती. नवं लुगडं, कपाळावर सकाळचंच कुंकू, हातात अबोलीची वेणी, आणि चेहरा नुसता फुललेला. तुळसाचा जीव भांड्यात पडला. घरात काही बरंवाईट झालं असतं तर बाई अशी नटून आली असती का? उगाच आपण वेड्यासारखं काहीबाही मनात आणलं, असं वाटून तिला रडू यायला लागलं. मधुही भिंतीला टेकून हसला.

मनुबाईने दम खाल्ला. वेणी तुळसाच्या केसांत माळली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"बाय, तुझं उपकार कसं फेडू? थुकत होता मेला, पन नाक दाबून पाजलं मी. दुपारपासून एकदा खोकला नाय. असा गाढ झोपलाय, हाका मारल्या तरी उठत नाय."